भूक वेगळी, वखवख वेगळी: अभ्यासाच्या ताणात हात डब्याकडे का जातो?

कॉलेजच्या कँटीनमध्ये काय विकावं आणि काय विकू नये, ही बातमी फिरून फिरून येते. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१६ साली कॉलेजांना जंक फूड बंद करायला सांगितलं होतं. २०२४च्या जुलैमध्ये तीच सूचना पुन्हा काढावी लागली. पुढच्या वर्षी केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने रोजच्या खाण्यात किती तेल, किती साखर असते ते सांगणारे फलक कार्यालयांत लावायला सांगितले आणि समोसा-जिलेबीवरून घरोघरी चर्चा झाली. ताटात काय आहे, यावर एवढं बोलणं होतं. पण भूक नसताना ताटाकडे हात का जातो, हे कुणी समजावून सांगत नाही. माझे विद्यार्थी मला विचारतात ते नेमकं हेच.

मी पदवीच्या वर्गांना शरीरक्रियाशास्त्र शिकवते. मागच्या सेमिस्टरला, सबमिशनच्या आठवड्यात, टी.वाय.ची एक मुलगी प्रॅक्टिकल संपल्यावर मागे थांबली. बदलापूरहून येते. घर म्हणजे एक खोली आणि स्वयंपाकघर. बाहेर आई-बाबा आणि धाकटा भाऊ झोपलेले, ही ओट्याखाली पाट टाकून जर्नल पुरं करत बसलेली. रात्री सव्वा वाजता तिने फळीवरून शेंगदाण्याच्या लाडवांचा डबा काढला. स्टीलचं झाकण वाजू नये म्हणून त्यावर ओढणी धरून ते उघडलं, उभ्याउभ्या सहा लाडू खाल्ले, ओढणी धरूनच झाकण लावलं आणि पुन्हा आकृती काढायला बसली.

“मॅडम, भूक असती तर एवढी लाज वाटली नसती,” ती म्हणाली. “साडेनऊला मी पोटभर जेवले होते.”

तिला तेव्हा लॅबच्या दारात उभं राहून जे घाईघाईत सांगितलं, ते इथे नीट सांगते.

शब्द आपल्याकडे आहेतच

याला इंग्रजीतून आलेला ‘स्ट्रेस ईटिंग’ हा शब्द सगळे वापरतात. आपण ताणापोटी खाणं म्हणू या. ताण म्हणजे इथे केटी लागण्याची, म्हणजे विषय राहण्याची भीती, हजेरी कमी भरलेल्यांची डिफॉल्टर लिस्ट, फीचा हप्ता, घरातली भांडणं, गाडीतली धक्काबुक्की, सगळंच.

मराठीत भूक आणि वखवख हे दोन वेगळे शब्द आहेत, आणि त्यातच अर्धं शरीरशास्त्र आलं. भूक हळूहळू चढते. भूक लागलेल्या माणसाला सकाळची पोळी आणि गार भाजीही गोड लागते, आणि पोट भरलं की तो हात धुतो. वखवख एकदम सुटते. तिला ठरावीक वस्तूच हवी असते, वेफर्स तर वेफर्सच. पोट भरल्यावरही ती थांबत नाही, कारण ती पोटातून निघालेलीच नसते.

स्वतःला विचारायचा साधा प्रश्न असा: आत्ता समोर साधा वरण-भात आला, तर खाईन का? उत्तर हो असेल तर ती भूक आहे, वेळ कुठलीही असो, जेवा. नाही असेल तर वखवख. पण ही परीक्षा पक्की नाही. बऱ्याचदा दिवसभराची खरी भूक रात्री वखवखीचं रूप घेऊन येते. त्या मुलीचं तेच झालं होतं. त्याकडे येतेच.

ताणाने तर भूक मरते. मग वाढते कशी?

ही शंका रास्त आहे. परीक्षेच्या हॉलबाहेर उभं असताना पोटात गोळा येतो, घास उतरत नाही. मग त्याच परीक्षेच्या आधीच्या महिन्यात मात्र दर तासाला काहीतरी तोंडात टाकावंसं वाटतं. दोन्ही खरं आहे, कारण ताण दोन टप्प्यांत काम करतो.

अचानक संकट आलं की पहिल्या मिनिटात शरीर अ‍ॅड्रेनालिन सोडतं. हे धावपळीचं संप्रेरक. संप्रेरक म्हणजे रक्तातून फिरणारा निरोप: एका ग्रंथीने पाठवला, दुसऱ्या अवयवाने ऐकला. अ‍ॅड्रेनालिनचा निरोप असतो, ‘पळ, पचन नंतर बघू.’ रक्त हातापायांच्या स्नायूंकडे वळतं, पोटाचं काम मंदावतं. म्हणून गोळा.

संकट तासाभरात टळलं नाही, तर दुसरा निरोप जोर धरतो. मेंदूच्या तळाशी असलेला एक छोटा भाग खालच्या पीयूष ग्रंथीला कळवतो, ती मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या अधिवृक्क ग्रंथींना कळवते, आणि त्या कॉर्टिसोल सोडतात. हे संप्रेरक घरातल्या कोठी सांभाळणाऱ्या बाईसारखं वागतं. धावपळीत खर्च झाला आहे, पुढेही होणार आहे, तर धान्य भरून ठेवा. ते रक्तातली साखर वाढवतं आणि खाण्याची इच्छाही वाढवतं. माणसाच्या पूर्वजांना हे सोयीचं होतं. लांडग्यापासून पळालेल्या माणसाची ताकद खरंच खर्च झालेली असायची. जर्नल लिहिणारी मुलगी मात्र पाटावरून उठलेलीही नसते. आणि सेमिस्टर संकटासारखं तासाभरात टळत नाही, ते महिनोन्‌महिने चालतं. इंटर्नल, मग प्रोजेक्ट, मग व्हायवा, मग लेखी.

सगळ्यांचं सारखं होत नाही, हेही सांगायला हवं. काहींची भूक महिनाभर मेलेलीच राहते, वजन उतरतं. तोही ताणाचाच परिणाम आहे आणि त्याकडे जास्त दुर्लक्ष होतं, कारण बारीक झालेल्या मुलीचं लोक कौतुक करतात.

गोड आणि तळलेलंच का आठवतं?

ताणात कुणालाही दुधी आठवत नाही. आठवतं ते गोड, खारट आणि तेलकट. इथे जिभेच्या चोचल्यांपेक्षा मोठं काही चाललेलं असतं. कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या मेरी डॉलमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदरांवर बरीच वर्षं काम करून २००३ साली एक मांडणी केली. दीर्घकाळ ताणाखाली ठेवलेले उंदीर साखर आणि चरबी जास्त खात, आणि तसं खाल्ल्यावर त्यांच्या मेंदूतली ताणाची यंत्रणा खरोखर थोडी शांत होई.

म्हणजे लाडू खाल्ल्यावर त्या मुलीला बरं वाटलं ते मनाचे खेळ म्हणून झटकून टाकता येणार नाही. मला ही गोष्ट महत्त्वाची वाटते. ताणापोटी खाणारा माणूस मूर्खपणा करत नसतो. तो स्वतःवर उपचार करत असतो, फक्त औषध फार थोडा वेळ टिकतं.

पुढचं काम सवय करते. मेंदू नोंद ठेवतो: जर्नल, अस्वस्थता, लाडू, बरं वाटलं. चार-पाच रात्री हे झालं, की जर्नल उघडताक्षणी हात फळीकडे जायला लागतो. अस्वस्थता यायच्या आधीच.

“पण अभ्यासाने मेंदूला साखर लागते ना?”

प्रत्येक वर्गात हा प्रश्न येतो, आणि परीक्षेच्या दिवसांत घरातली मोठी माणसंही ‘डोक्याला काम आहे, खा’ म्हणत बदाम आणि चॉकलेट पुढे करतात. मेंदू खादाड आहे हे खरं. वजन शरीराच्या जेमतेम २ टक्के आणि ऊर्जा मात्र सुमारे २० टक्के. पण तो ही ऊर्जा झोपेतही घेतच असतो. अवघड अभ्यासाने त्यात पडणारी भर नगण्य असते.

कॅनडातल्या लाव्हाल विद्यापीठातल्या संशोधकांनी १४ विद्यार्थिनींवर एक प्रयोग केला. तो २००८ साली प्रसिद्ध झाला. त्यांना एकदा ४५ मिनिटं नुसतं बसवलं, एकदा उतारा वाचून सारांश लिहायला लावला, एकदा संगणकावर स्मरणशक्ती आणि लक्ष तपासणाऱ्या चाचण्या दिल्या, आणि प्रत्येक वेळी नंतर हवं तेवढं जेवू दिलं. डोक्याच्या कामात फक्त ३ कॅलरी जास्त खर्च झाल्या होत्या. त्यानंतर मुलींनी खाल्लं मात्र २०० ते २५० कॅलरी जास्त. बौद्धिक काम ऊर्जा कमी खातं आणि भूक जास्त चाळवतं, हे मला इतक्या स्वच्छपणे दुसऱ्या कुठल्या प्रयोगात दिसलेलं नाही.

दुपारची गाडी रद्द झाली होती

आता मूळ मुद्दा. मी त्या मुलीला आदल्या दिवशी काय काय खाल्लं ते विचारलं.

पहाटे साडेपाचला घर सोडलं तेव्हा चहा आणि दोन खाऱ्या. बदलापूर ते सीएसएमटी ६८ किलोमीटर, बसायला जागा नाही. साडेसातला पहिलं लेक्चर. ते चुकवता येत नाही, कारण ७५ टक्के हजेरी भरली नाही तर परीक्षेलाच बसू देणार नाहीत ही भीती. साडेदहाच्या ब्रेकमध्ये कटिंग आणि मैत्रिणीबरोबर वाटून घेतलेलं समोसापाव. मग प्रॅक्टिकल. लॅबमध्ये खायचं नाही हा नियम, आणि तो योग्यच आहे. तीनला सुटल्यावर गाडीची घाई. उतरल्यावर थेट शाळेतल्या मुलांची शिकवणी, कारण तिचा पासाचा आणि झेरॉक्सचा खर्च त्यातून निघतो. साडेनऊला जेवण.

“आणि आईने दिलेला डबा?”

“तसाच परत जातो, मॅडम. आईला वाईट वाटू नये म्हणून कधीकधी गाडीत मैत्रिणीला देते.”

साडेदहा ते साडेनऊ. अकरा तास.

लोकलने जाणाऱ्या कुणालाही हे लगेच कळेल. एक गाडी रद्द झाली म्हणून तिचे प्रवासी घरी परत जात नाहीत. ते फलाटावर उभे राहतात आणि पुढच्या गाडीत चढतात. तीही गेली की तिसरीला लोक दाराला लोंबकळतात. लोंबकळणाऱ्याला बेशिस्त म्हणून प्रश्न सुटत नाही. आधी कुठली गाडी रद्द झाली ते बघावं लागतं. तिची नाश्त्याची गाडी अर्धी आली होती आणि दुपारची आलीच नव्हती. साडेनऊच्या जेवणाने पोट भरलं, पण ते एका वेळेचं. दिवसभराची तूट तशीच फलाटावर उभी राहिली आणि सव्वा वाजता लाडवाच्या डब्यात चढली.

उपाशी ठेवलेल्या माणसाचं काय होतं, याचा सगळ्यात गाजलेला प्रयोग अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात १९४४-४५ साली अ‍ॅन्सेल कीज यांनी केला. ३६ निरोगी तरुण स्वेच्छेने २४ आठवडे अर्धपोटी राहिले, म्हणजे त्यांचं खाणं जवळजवळ निम्म्यावर आणलं गेलं. ते अन्नाचीच स्वप्नं बघू लागले, पाककृतींची पुस्तकं जमवू लागले. प्रयोग संपल्यावर त्यातल्या काहींनी पोट दुखेपर्यंत खाल्लं आणि तरी त्यांची भूक भागेना. हे निवडून घेतलेले, निर्धाराचे तरुण होते. आपली मुलं त्यांच्याइतकी उपाशी नसतात, पण शरीराची रीत तीच आहे: जे अडवलं जातं, ते नंतर व्याजासकट मागितलं जातं.

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे, की रात्री एकचा प्रश्न दुपारी चार वाजता सोडवायला घ्यावा.

झोपेचं कर्ज

हे थोडक्यात. भूक लावणारं घ्रेलिन नावाचं संप्रेरक पोटात तयार होतं. पुरे म्हणणारं लेप्टिन चरबीच्या पेशींत. शिकागो विद्यापीठात १२ निरोगी तरुणांना दोन रात्री फक्त चार-चार तास झोपू दिलं. २००४ साली प्रसिद्ध झालेले आकडे असे: दोन रात्री दहा तास अंथरुणात मिळालेल्या वेळेच्या तुलनेत लेप्टिन १८ टक्क्यांनी उतरलं, घ्रेलिन २८ टक्क्यांनी चढलं, आणि ओढ सगळ्यात जास्त वाढली ती गोड, खारट आणि पिष्टमय पदार्थांची. फक्त दोन रात्रींत. सबमिशनच्या महिन्यात आपल्याकडे अशा वीस रात्री होतात.

त्यात कॉफी. कॅफीनचं शरीरातलं प्रमाण निम्म्यावर यायला साधारण पाच तास लागतात. दहाला घेतलेली कॉफी रात्री तीनला अर्धी शिल्लक असते.

चार वाजता काय खायचं?

खरं काहीतरी. बिस्किटाचा पुडा हे खाणं नव्हे, तो चहाचा सोबती आहे.

त्या मुलीला मी एकच गोष्ट सुचवली: आईला सांग, एका डब्याचे दोन डबे कर. एक साडेदहाच्या ब्रेकमध्ये संपवायचा. दुसरा असा, की फलाटावर उभं राहून एका हाताने खाता येईल. पोळीला भाजी किंवा चटणी-तूप लावून घट्ट गुंडाळी, किंवा थालीपिठाचे तुकडे. ताटात वाढायचा स्वयंपाक डब्यात भरला की तो बसायला जागा मागतो, आणि मुंबईत बसायला जागा हीच सगळ्यात महाग गोष्ट आहे. रस्सा भाजीचा डबा परत येतो तो पोरीला आवडत नाही म्हणून नव्हे. तो उघडायला मांडी मिळत नाही म्हणून.

डबा नसेल तर स्टेशनबाहेर केळी मिळतात, उकडलेली अंडी मिळतात, चणे-शेंगदाणे मिळतात. मूठभर म्हणजे ३० ग्रॅम शेंगदाण्यांत साधारण ७ ग्रॅम प्रथिनं असतात, एका अंड्यात ६. प्रथिनं पोटात जास्त वेळ राहतात, म्हणून त्यांचा आग्रह. इडली-सांबार उत्तम. भेळेत मोड आलेले मूग घालून मागितली तर तीही चालेल. आणि वडापावच हातात असेल तर वडापाव खा, सावकाश खा, पुढे केळं खा. चारला खाल्लेला वडापाव रात्री एकच्या सहा लाडवांपेक्षा शरीराला आणि मनालाही बरा.

हॉस्टेलवाल्यांचं गणित वेगळं आहे. मेस नऊला बंद होते आणि अभ्यास दोनपर्यंत चालतो. मधले पाच तास उपाशी काढायचे आणि मग मॅगीला दोष द्यायचा, यात अर्थ नाही. रात्री अकराला एक ठरलेलं खाणं ठेवा: दूध-पोहे, दहीभात, मेसमधून उचलून आणलेली पोळी आणि गूळ. ठरवून खाल्लेलं खाणं वेगळं आणि चोरून खाल्लेलं वेगळं, पदार्थ तोच असला तरी.

“तोंड चालू नसेल तर झोप येते”

खरं आहे, चावत राहिलं की डोळे उघडे राहतात. मग फुटाणे घ्या, काकडी घ्या, बडीशेप घ्या. पण दीड वाजता झोप येत असेल तर शरीर बरोबर बोलत आहे. दिवसभर वाचलेलं पक्कं होण्याचं काम झोपेतच चालतं. पेंगत, फरसाण चावत वाचलेली दहा पानं सकाळी पुन्हा वाचावीच लागतात.

“मग सरळ डाएट चालू करते”

इथेच बहुतेक मुली फसतात, म्हणून जरा थांबून सांगते. रात्री सहा लाडू खाल्ले, आता सकाळी काही नको, दुपारी नुसतं सॅलड. म्हणजे आणखी दोन गाड्या रद्द. आपल्या जुन्या माणसांनी हे बघितलेलं होतं. एकादशी आणि दुप्पट खाशी, ही म्हण त्यातूनच आली. दिवसभर उपास, आणि संध्याकाळी साबुदाण्याची खिचडी, वेफर्स, रताळ्याचा कीस.

मुंबईकरांना दुसरा दाखला देते. महापालिकेने पाणीकपात जाहीर केली, की आपण काय करतो? पिंप भरतो, कळश्या भरतो, कुकरचं भांडंसुद्धा भरून ठेवतो. एरवी लागतं त्यापेक्षा जास्त पाणी त्या दिवशी घरात साठतं. उद्या मिळणार नाही हे कळलं, की आजचं माप सुटतं. ‘उद्यापासून गोड बंद’ असं रात्री बाराला ठरवणाऱ्याचा मेंदू हीच घोषणा ऐकतो.

तेव्हा रात्री जास्त खाल्लं गेलं तरी सकाळचा नाश्ता करायचाच. शिक्षा म्हणून एकही जेवण गाळायचं नाही. ऐकायला हे उलटं वाटतं, करून बघा.

तरी वखवख सुटलीच तर?

सुटेल. व्हायवाच्या आदल्या रात्री चार वाजताचा डबा खाल्लेला असला तरी सुटेल. व्यसनमुक्तीवर काम करणारे अमेरिकी मानसशास्त्रज्ञ अ‍ॅलन मार्लाट आपल्या रुग्णांना तलफेकडे लाटेसारखं बघायला शिकवत. लाट चढते, सगळ्यात उंच होते आणि ओसरते. भरतीच्या वेळी मरिन ड्राइव्हच्या कठड्यावर बसणाऱ्याला हे वेगळं सांगायला नको: लाटेला कुणी परत ढकलत नाही, फक्त ती फुटेपर्यंत आपण जागेवर बसून राहतो. बहुतेक वखवख अर्ध्या तासाच्या आत खाली येते. तेवढ्या वेळात गच्चीवर किंवा जिन्यात एक फेरी मारावी, तोंडावर पाणी मारावं, कुणाला तरी ‘तुझं किती झालं?’ असा मेसेज करावा.

दहा मिनिटांत घरपोच सामान देणारी अ‍ॅप्स इथे घात करतात असं माझं ठाम मत आहे. लाट अजून चढत असतानाच दारावरची बेल वाजते. सबमिशनच्या महिन्यापुरतं ते अ‍ॅप फोनवरून काढून टाकणं हा इच्छाशक्तीवर विसंबून राहण्यापेक्षा सोपा उपाय आहे.

आणि खायचंच ठरलं तर दिवा लावून, वाटीत काढून घेऊन, बसून खायचं. डब्यातून उभ्याउभ्या खाताना किती झालं हे डोळ्यांना कळत नाही. मला वाटतं त्या मुलीला सगळ्यात जास्त त्रास झाला तो लाडवांचा नव्हे, त्या ओढणीचा. लपवण्याने ताण वाढतो आणि ताणाने पुन्हा डबा आठवतो.

घरच्यांसाठी

मुलगी रात्री खाते म्हणून डबा वरच्या फळीवर ठेवणं, कपाटाला कुलूप लावणं, ही घरातली पाणीकपात झाली. त्याने साठवण वाढते. ‘जाड झालीस हं’ हे वाक्य पाहुण्यांसमोर म्हणू नका, ती एकटी असतानाही म्हणू नका. आपल्याकडे ‘अगं, जेवलीस का?’ हा प्रश्न रात्रीच विचारला जातो. त्याऐवजी ‘दुपारी डबा खायला वेळ मिळाला का गं?’ असं विचारून बघा, आणि डबा भरलेला परत आला तर रागावू नका. पुढच्या दिवशी काय दिलं तर उभ्याने खाता येईल, तेवढं विचारा.

हे फक्त मुलींचं नाही. मुलगा रात्री दोन पाकिटं फरसाण संपवतो तेव्हा त्याला आपण ‘वाढतं वय’ म्हणतो. त्याच्या मनावर काय दडपण आहे हे विचारायचं राहून जातं.

ती मुलगी या सेमिस्टरमध्ये दोन डबे आणते. दुसरा भायखळा यायच्या आत संपतो म्हणे. व्हायवाच्या आदल्या रात्री तिने लाडवाचा डबा पुन्हा उघडला. झाकण वाजलं, बाबा जागे झाले, त्यांनीही एक लाडू मागितला. तिने दोन खाल्ले आणि झोपली.

डॉक्टरांकडे कधी जायचं?

परीक्षेच्या महिन्यात जास्त खाल्लं जाणं हा आजार नव्हे. पण आठवड्यातून निदान एकदा, तीन महिने सतत, थोड्या वेळात खूप जास्त खाल्लं जात असेल, खाताना थांबणं हातात राहत नसेल आणि नंतर स्वतःची शिसारी येत असेल, तर तो मान्यताप्राप्त मानसिक आजार आहे. अमेरिकी मानसोपचार संघटनेच्या निदानपुस्तिकेत २०१३पासून त्याची स्वतंत्र नोंद आहे आणि त्यावर उपचार आहेत. खाल्ल्यावर मुद्दाम उलटी काढली जात असेल किंवा जुलाबाच्या गोळ्या घेतल्या जात असतील, तर तीन महिनेही वाट बघू नका. त्याने रक्तातलं पोटॅशियम उतरतं आणि हृदयाचे ठोके बिघडू शकतात.

मुंबईत केईएम, सायन आणि नायर या महापालिकेच्या मोठ्या रुग्णालयांत मानसोपचार विभाग आहेत. बऱ्याच कॉलेजांत समुपदेशक असतात, दारावर पाटी नसली तरी ऑफिसात विचारा. आणि रात्री एकला, जेव्हा खरी गरज असते, तेव्हा केंद्र सरकारची टेली-मानस ही हेल्पलाइन आहे: १४४१६. चोवीस तास चालते, मोफत आहे, मराठीत बोलता येतं. फोन लावताना आपल्याला काय झालं आहे हे आधी माहीत असावं लागत नाही. ‘मला रात्री खाणं थांबवता येत नाही,’ एवढं म्हटलं तरी पुढचं बोलणं सुरू होतं.